हार आणि अर्ज

पहाटेच्या एसटीनं कराडला उतरलात, स्टँडवर एक कप चहा घेतला आणि चालत घाटावर आलात. आता पावणेसात वाजलेत. तारीख २५ नोव्हेंबर २०२४, सोमवार. प्रीतिसंगमावर धुकं अजून पाण्याला चिकटून आहे. उत्तरेकडून कृष्णा येते, तिच्या समोरून कोयना येते, दोघी तोंडासमोर तोंड करून भेटतात आणि एकच नदी होऊन पूर्वेला वळतात, सांगलीच्या वाटेला लागतात. समाधीवर झेंडूच्या माळा चढल्यात. बांबूची आडकाठी लागलीय, पोलीस उभे आहेत, कॅमेरेवाल्यांनी जागा धरून ठेवल्यात. यशवंतराव चव्हाणांना जाऊन आज चाळीस वर्षं झाली.

तुमच्या हातात फुलं नाहीत. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक अर्ज आहे, गावच्या जिल्हा परिषद शाळेचा. तिसरी-चौथीच्या खोलीचं छप्पर दोन पावसाळे गळतंय. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ओल चढलीय, म्हणून बाई गणितं डावीकडंच लिहितात. पाऊस लागला की खोलीत तीन बादल्या ठेवायच्या आणि पोरांनी बादल्या टाळून बसायचं. तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर आहात. या अर्जाच्या चार प्रती दिल्या, चारही वेळा तुमच्या प्रतीवर जांभळा आवक शिक्का बसला, आणि काम तिथंच राहिलं. पूर्वी असं काही असलं की सकाळी सातला गटातल्या सदस्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं. तो आंघोळ करून बाहेर आला की त्याला धरायचं, "आप्पा, खोलीचं काय केलं?" आता धरायचं कुणाला? साताऱ्याची जिल्हा परिषद काय, सांगलीची काय, दोन्हींची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून प्रशासक आहेत. साहेबलोक वाईट आहेत असं तुम्ही म्हणत नाही. पण त्यांना तुम्ही निवडलेलं नाही, आणि तुम्ही त्यांना पाडूही शकत नाही.

म्हणून आज इथं आलात. राज्य चालवणारे आज या समाधीपुढं डोकं टेकवणार आहेत, तर त्यांच्यासमोर उभं राहून विचारावं, एवढंच डोक्यात आहे.

ओळ थांबलीय. पुढचे म्हातारबाबा चपला काढून हातात घेतात. तुम्हीही वाकून चप्पल काढता, आणि पायाला गार फरशी लागायच्या ऐवजी माती लागते.

रात्र आहे. देवराष्ट्र्यातल्या एका मातीच्या घराबाहेर तुम्ही उभे आहात, हातात कुणीतरी कंदील देऊन ठेवलाय. १२ मार्च १९१३. आत माहेरी आलेली विठाबाई अडलीय. बाया आतबाहेर करतायत, गरम पाण्याची घंगाळं चाललीत, आणि तिची आई सागरोबाच्या दिशेनं हात जोडून उभी आहे. माझ्या लेकीला यश दे, आठवण म्हणून बाळाचं नाव यशवंत ठेवीन, असं ती देवाला सांगते. नाव असं नवसातून आलेलं आहे. देवराष्ट्रे या रात्री सातारा जिल्ह्यात आहे. पुढं १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा होईल, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळेल, आणि एका माणसाच्या जन्मगावाला आणि कर्मभूमीला दोन जिल्हे वाट्याला येतील. पण सोयरीक, बाजार, दिंडी, कारखान्याचा ऊस, कशालाही ही हद्द कधी कळलेली नाही.

बाळाचा आवाज येतो. कंदील खाली ठेवायला तुम्ही वाकता, आणि उठता तेव्हा हातात खळीचं डबडं आहे.

बोटं चिकट झालीत. काल रात्रभर कराडच्या भिंतींवर पत्रकं चिकटवलीत. तुम्ही टिळक हायस्कूलचे विद्यार्थी आहात आणि तारीख २६ जानेवारी १९३२ च्या पुढची आहे. तुमच्या शाळेतल्या यशवंतानं झेंडा लावला आणि त्याला धरून नेलं. हा तोच पोरगा, ज्यानं मोठेपणी कोण होणार असं मास्तरांनी विचारल्यावर दुसऱ्या कुणा थोराचं नाव लिहिलं नाही, स्वतःचंच लिहिलं. मी यशवंतराव चव्हाण होणार, म्हणाला. वडील प्लेगनं लवकर गेले. घरात थोरले भाऊ आणि आई. भाड्याची जागा. त्या घरातला शिकणारा पोरगा आता गजांआड आहे.

तुम्ही कोठडीबाहेर, भिंतीच्या कडेला उभे आहात. शाळेतले एक मास्तर त्याच्या आईला घेऊन येतात. विठाबाईनं डोक्यावरचा पदर घट्ट ओढून धरलाय. तिला लिहिता-वाचता येत नाही. पोरगं कशावरून आत गेलं हे तिला कायद्याच्या भाषेत कुणी सांगितलेलं नाही. मास्तर मनानं चांगले आहेत, त्यांना पोराचं वर्ष वाया जाऊ नये असं वाटतं. ते सांगतात की माफी मागितली तर फौजदार सोडायला तयार आहेत.

विठाबाई मास्तरांकडं बघते. मग पोराकडं बघते. माफी कशाची मागायची, असं ती मास्तरांनाच विचारते. पोराला तब्येत सांभाळायला सांगते, देव पाठीशी आहे म्हणते, आणि उठते. बाहेर येताना तिचे डोळे भरलेत. तुम्ही वाट सोडून बाजूला होता, तरी तिच्या पदराचा वारा तुमच्या खळीनं माखलेल्या हाताला लागतो. तिच्या पोराला अठरा महिन्यांची शिक्षा होते.

मला इथं जरा थांबावंसं वाटतं, तुम्हीही थांबा. यशवंतरावांवर भाषणं करणारे लोक सुसंस्कृतपणा हा शब्द इतक्या वेळा वापरतात की तो ऐकून ऐकून गुळगुळीत झालाय. सुसंस्कृत म्हणजे मवाळ, कुणाला न दुखावणारा, सगळ्यांशी गोड बोलणारा, असं आता लोकांना वाटायला लागलंय. त्या कोठडीतली ती बाई बघा. तिनं आवाज चढवलेला नाही, कुणाला शिवी दिलेली नाही, मास्तरांचा मान ठेवलाय, आणि तरीही सरकारला हवं होतं ते दिलेलं नाही. यशवंतराव पुढं जे काही झाले त्याची घडण इथं झाली.

पुढची वर्षं पटापट जातात. विसापूरचा तुरुंग, येरवडा, कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, पुण्याचं लॉ कॉलेज. २ जून १९४२ ला फलटणच्या वेणूताईंशी लग्न. आणि दोन महिन्यांत चले जाव.

आता तुमच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आहेत, वर कांदा. ३ सप्टेंबर १९४२, तासगावची वाट. पावसानं चिखल झालाय. गावागावांतून माणसं येऊन मिळतात, घोळका वाढत जातो. यशवंतराव भूमिगत आहेत, मोर्चे बांधणाऱ्यांत आहेत. २४ ऑगस्टला कराडच्या कचेरीवर मोर्चा झाला, आज तासगावची पाळी. कचेरीसमोर एवढी माणसं बघून मामलेदाराचा नाइलाज होतो. त्याच्या डोक्यावर गांधी टोपी चढते, कचेरीवर तिरंगा चढतो. एकही गोळी सुटत नाही. त्या भाकरी तुम्ही कचेरीच्या पायऱ्यांवर बसून खाता, शेजारच्याला अर्धी देता.

सहाच दिवसांनी वडूज. वडगावच्या परशुराम घार्गेंच्या हातात झेंडा आहे, आणि इथं बंदुका थांबत नाहीत. वडूजच्या मोर्चात नऊ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूर. किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे तिथं पडले. फडकं अजून तुमच्या हातात आहे, भाकरी नाहीत. या पंधरवड्यात दोन्ही जिल्ह्यांच्या मातीत काय मिसळलं ते सांगायला हुतात्म्यांचे खांब आहेत, तुम्ही येता-जाता बघता.

नव्या नवरीची पहिली संक्रांत तुरुंगात गेली. आजारी वेणूताईंना भेटायला यशवंतराव फलटणला गेले आणि मे १९४३ मध्ये तिथंच पकडले गेले. ते आत गेले तरी बाहेर काही थांबलं नाही. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील प्रतिसरकार चालवतायत, कुंडलला तुफान सेना कवायत करतेय, गावोगाव लोकांची न्यायदान मंडळं बसतायत, बांधाचे तंटे, सावकाराचे तंटे तिथंच तुटतायत. ७ जूनला शेणोलीजवळ तुमच्या हातात रुळावर ठेवायचा दगड आहे. जी. डी. बापू लाडांची आणि कॅप्टन भाऊंची पोरं गाडी अडवतात, रेल्वेच्या पगाराचा पैसा काढून घेतात. शेणोली कराडपासून हाकेच्या अंतरावर. गोऱ्या सरकारचा हुकूम चालत नाही असा मुलूख शेतकऱ्यांनी करून दाखवला होता. ते बघितलेल्या लोकांना नंतरच्या कुठल्याही सरकारची भीती कशी वाटणार?

हाच मुलूख आता यशवंतरावांच्याच विरोधात उभा राहतो.

खूण म्हणून हाताकडं बघा. काळं फडकं आहे. जुन्या धोतराचा तुकडा, घरी रंगात बुडवून वाळवलेला, रंग नीट बसलेला नाही, घामानं तळहात काळा झालाय. पसरणी घाटाच्या पायथ्याला, रस्त्याच्या कडेनं तुम्ही उभे आहात. ३० नोव्हेंबर १९५७. थंडी आहे. प्रतापगडावर शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण करायला पंतप्रधान जवाहरलाल नेहरू या रस्त्यानं जाणार आहेत, आणि यजमान आहेत द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण.

तुमच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत, नजर पोचेल तिथवर. कराडकडच्या, सांगलीकडच्या, कोल्हापूरकडच्या बाया रात्रभर चालून आल्यात, कडेवर पोरं आहेत, पदरात चटणी-भाकरी आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीचे स्वयंसेवक रांगेतून फिरतात. हात जोडून एकच सांगतात, दगड उचलायचा नाही, रस्त्यावर यायचं नाही. तुमच्या शेजारच्या बाई, वय पन्नाशीचं असेल, तुमच्याकडं वळून विचारतात.

"पोरा, यशवंता मोटारीत असंल का रं?"

"असतील की, मावशी."

"माझं माह्यार देवराष्ट्र्याचं. त्याला न्हाऊ घातलेल्या बाया म्हाईत हायत मला." त्यांनी फडकं उलगडून झटकलं, परत घट्ट धरलं. "तरीबी दावणार. आपला हाय म्हणून तर दावायचं."

त्यांचा राग समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले, या लढ्यात शंभरावर माणसं गेली, आणि ज्या सरकारनं गोळ्या घातल्या त्या सरकारात यशवंतराव मंत्री होते. फलटणला त्यांनी सांगून टाकलं होतं की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूनं जाऊ. ते वाक्य घराघरात झोंबलं. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक आलं, मुख्यमंत्री यशवंतराव झाले, आणि चार महिन्यांत निवडणूक लागली. त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर निशाणी चिकटवलेली, आडोशाला जायचं आणि हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. कराडला तुम्हीही तो कागद हातात धरून त्या पेट्यांसमोर उभे होतात. बैलजोडीची पेटी आपल्या माणसाची. कुठल्या पेटीत टाकलात ते तुमचं तुम्हाला. मोजणी झाली तेव्हा राज्याचा मुख्यमंत्री आपल्या गावातून दोन हजारांहूनही कमी मतांनी निवडून आला होता. आणि सातारा मतदारसंघानं लोकसभेवर पाठवलं समितीच्या नाना पाटलांना.

ताफा येतो. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" घाट दणाणतो. हजारो काळी फडकी एकदम वर जातात, तुमचंही जातं. मोटारी पुढं सरकतात. दगड पडत नाही, लाठी चालत नाही. काचेआडून कोण बघतंय ते तुम्हाला नीट दिसत नाही, पण बघणाऱ्याला तुम्ही दिसता. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत, दुसऱ्या वळणापर्यंत, काळ्या फडक्यांची ती दुहेरी रांग दिल्लीच्या पाहुण्याला बघावीच लागते. अडीच वर्षांनी, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मंगल कलश यशवंतरावांनी आणला असं आपण म्हणतो, आणि ते खरं आहे. दिल्लीत पटवून देण्याचं काम त्यांनीच केलं. पण त्यांच्याजवळ पटवायला जे होतं, ते या रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मावशींनी हातात धरलं होतं.

आता मला सांगा, आज काय होतं? मंत्र्याचा दौरा लागला की आदल्या रात्री कार्यकर्त्याच्या दारात पोलिसांची गाडी येते. नोटीस हातात पडते. दौरा संपेपर्यंत ठाण्यात बसवून ठेवतात. सभेच्या मांडवात शिरताना काळा रुमाल असेल तर काढून घेतात. लोक रागावलेत हे नेत्याला दिसूच नये, याची एवढी व्यवस्था. त्या दिवशी पसरणीत पंतप्रधानांना जे दिसलं, ते आज एखाद्या राज्यमंत्र्याला दिसू देत नाहीत. समाधीवर हार वाहणाऱ्यांनी हे एकदा मनाशी ताडून बघावं, असं मी अगदी कळकळीनं म्हणतो.

फडकं घडी करून खिशात ठेवा. पुढं चला, १९६२ मध्ये.

इथं जमाव नाही, घोषणा नाहीत. तुमच्या हातात कायद्याची एक पातळ पुस्तिका आहे, शाईचा वास येणारी. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम. वसंतराव नाईकांच्या समितीनं अहवाल दिला, १९६१ मध्ये कायदा झाला, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. यशवंतराव अजून मुख्यमंत्री आहेत, चीनचं युद्ध आणि दिल्लीचं बोलावणं यायला सहा महिने आहेत. पुस्तिका चाळा. शाळा, दवाखाने, रस्ते, शेतीची कामं, सगळं जिल्ह्याच्या पातळीला, निवडून आलेल्या माणसांच्या हातात. आणि आमदार-खासदारांना या सभागृहात जागा नाही. दुसऱ्या राज्यांपेक्षा महाराष्ट्रानं हे वेगळं केलं, मुद्दाम केलं. वरच्याची सावली पडली तर खालचं झाड वाढणार नाही, हे यशवंतरावांना कळत होतं. त्यामुळं शेतकऱ्याची, शिक्षकाची, छोट्या दुकानदाराची पोरं सभापती झाली, अध्यक्ष झाली. महार वतनं गेली होती १९५९ मध्येच, फीच्या सवलतीनं गरिबाघरची पोरं कॉलेजात पोचत होती, त्यांच्यापुढं आता एक दार उघडलं. मुख्यमंत्र्यानं आपल्या हातातला अधिकार काढून आपल्याला विचारणारी माणसं तालुक्या-तालुक्यात तयार करायची, याला मोठं काळीज लागतं.

तुमच्या फोल्डरमधला अर्ज ज्या टेबलावर जायला हवा होता, ते टेबल इथं, या पुस्तिकेत तयार झालं.

यानंतरची दोन ठिकाणं मनाला जड जातात, पण टाळून पुढं जाणं बरं नाही. १९७५. आणीबाणी. दिल्लीत यशवंतराव परराष्ट्रमंत्री आहेत, आणि ते राजीनामा देत नाहीत. कोठडीत माफी नाकारणाऱ्या आईचा मुलगा गप्प बसतो. तुमच्या हातातल्या वर्तमानपत्रात छापून आलेलं काहीच विश्वासाचं नाही आणि छापून न आलेलं सगळं तुम्हाला कुजबुजीतून कळतंय. ज्याला आपण मानतो त्याचा हा काळ झाकून ठेवला, तर मग आपण त्याला मानतो म्हणजे फक्त पुतळा मानतो.

दुसरं, जुलै १९७८. सांगली. पद्माळ्याचे वसंतदादा, जुलै १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून निघालेले दादा, मुख्यमंत्री आहेत, आणि त्यांच्याच मंत्रिमंडळातले सदतीस वर्षांचे शरद पवार बाहेर पडून १८ जुलैला स्वतः मुख्यमंत्री होतात. पाठीत खंजीर हे शब्द सांगलीच्या पेठेत त्या दिवसापासून आहेत, अजून गेलेले नाहीत. पवार यशवंतरावांचे मानसपुत्र म्हणवले जातात. तुम्ही चहाच्या दुकानात उभे आहात, रेडिओभोवती माणसं गप्प आहेत. एक जण ग्लास ठेवतो आणि चहा न पिताच उठून जातो.

नोव्हेंबर १९८४. वेणूताई गेल्याला वर्ष उलटून गेलंय. यशवंतराव दिल्लीत गेले, त्यांना कराडला आणलं, आणि संगमावर अग्नी दिला. तुमच्या हातात उसाच्या शेतातून येताना तोडलेली झेंडूची चार फुलं आहेत. गर्दीत ती चुरगळली, तरी तुम्ही टाकली नाहीत.

मग दिवस भराभर जातात. १८ ऑक्टोबर २०१९, साताऱ्याचं जिल्हा परिषदेचं मैदान, कोसळता पाऊस. तुम्ही खुर्ची उलटी करून डोक्यावर धरलीय आणि समोर शरद पवार, एक थकलेला माणूस, भिजत बोलतोय, आपण उमेदवार निवडताना चूक केली म्हणून कबूल करतोय. त्या वेळच्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत साताऱ्यानं राजघराण्याच्या माणसाला पाडलं. मग ३ जुलै २०२३, गुरुपौर्णिमा. आदल्या दिवशी अजितदादांनी आठ सहकाऱ्यांसह शपथ घेतली, पक्ष फुटला, आणि दुसऱ्या दिवशी थोरले पवार पुण्याहून मोटारीनं निघून थेट या समाधीवर आले. तुम्ही गर्दीत होतात, हातात मोबाईल वर धरून. तुमच्या मागून कुणीतरी हळूच १९७८ म्हणालं, आणि बाजूच्यानं त्याला गप्प केलं. मला विचाराल तर त्याला गप्प करायला नको होतं. गुरूच्या समाधीवर येऊन सत्तेला आव्हान द्यायचा अधिकार पवारांना होताच; आणि त्यांना त्यांचा हिशेब विचारायचा अधिकार त्या मागच्या माणसालाही होता. या घाटावर दोन्हींना जागा आहे.

सांगलीनं ४ जून २०२४ ला काय केलं तेही लक्षात असू द्या. आघाडीनं वसंतदादांच्या नातवाला तिकीट नाकारलं, तो लिफाफा घेऊन अपक्ष उभा राहिला, आणि लोकांनी सत्तेतल्या खासदाराला आणि आघाडीच्या उमेदवारालाही बाजूला सारून लाखभर मतांनी त्याला निवडून दिलं.

पायाला फरशी लागते. गार आहे. धुकं उठलंय.

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार. परवा, शनिवारी निकाल लागले. सातारा जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीला. कराड दक्षिणेत माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण पडले, कराड उत्तरेत बाळासाहेब पाटील पडले. आडकाठीच्या पलीकडं गडबड उडते. अजितदादा आलेत, हार वाहतात, हात जोडतात. तेवढ्यात समोरून रोहित पवार येतात, कर्जत-जामखेडमधून १,२४३ मतांनी निसटलेले. काका म्हणतात, थोडक्यात वाचलास. पुतण्या वाकून पाया पडतो. हशा होतो, कॅमेरे धावतात. घराण्याची रीत म्हणून ते बरंही दिसतं, आणि आज दिवसभर टीव्हीवर हेच चालणार हे तुम्हाला तिथल्या तिथं कळतं.

तुमचा अर्ज फोल्डरमध्ये आहे. तुम्ही आडकाठीजवळ सरकता. एक तरुण हवालदार हात आडवा धरतो.

"काका, निवेदन असलं तर ऑफिसात द्या."

"दिलंय. चारदा."

तो शिक्के बघतो. काही बोलत नाही. पण हातही काढत नाही. ताफा निघायला अजून वेळ आहे, म्हणून तुम्ही तिथंच उभे राहता.

पुढं काय होणार ते तुम्हाला या क्षणी माहीत नाही. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात जिल्हा परिषदांच्या निवडणुका कोर्टात अडकल्यात, आणि सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ ला सरकारला आणि निवडणूक आयोगाला सांगावं लागणार आहे की चार महिन्यांत निवडणुका घ्या. ज्या मुख्यमंत्र्यानं जिल्हा परिषदा दिल्या त्याच्या समाधीवर दर वर्षी न चुकता येणाऱ्यांना, सत्तेतल्या आणि सत्तेबाहेरच्यांनाही, त्या जिल्हा परिषदा तीन-तीन वर्षं लोकांवाचून चालल्या हे खटकलं नाही. कोर्ट हे कारण खरं आहे. पण ज्याला तळमळ असते तो कोर्टाच्या दारात धरणं धरून बसतो. कुणी बसलं नाही.

चपला हातात धरलेले म्हातारबाबा तुमच्याजवळ येतात. चष्मा नाही, म्हणून अर्ज डोळ्यांजवळ धरतात.

"कुठली शाळा?"

तुम्ही गावाचं नाव सांगता.

"आमची बी तशीच. भिंत फुगलीय." ते अर्ज उलटासुलटा करून बघतात. "हितं सही केली तर चालंल का?"

तुम्ही खिशात हात घालता. पेन काढताना काहीतरी काळं फडफडून खाली पडतं, ते तुम्ही उचलून परत खिशात ठेवता. म्हातारबाबा समाधीच्या कठड्याचा आधार घेऊन, अक्षर अक्षर लावत नाव लिहितात, पुढं गाव लिहितात. मागं एक पोरगी उभी आहे, कॉलेजची ओळखपत्राची दोरी गळ्यात. ती वाचते आणि पेन मागते. मग पलूसचे दोघं, मग विट्याकडची एक शिक्षिका, ती नाव लिहिताना जरा थांबते, नोकरीचा विचार करते, आणि लिहिते. तो हवालदार सगळं बघतोय. त्याचा आडवा हात आता खाली आलाय.

पान भरत आलंय. ताफ्याच्या गाड्या चालू होतात, आणि गर्दीतून कुणीतरी विचारतं, "मागच्या बाजूला जागा हाय का?"